खोडमामाची घरमोटार

आमच्या मामाच्या तोंडून स्वतःबद्दल चांगला शब्द ऐकलेला माणूस उभ्या अमरावतीत सापडला नसता. जेवायला बसला की भाकरी जाड, वरण पातळ, मिरची मिळमिळीत. आणि ताट मात्र असं पुसून उठायचा की घासणारीला काम उरू नये. देवळात गेला तरी बाहेर येऊन म्हणायचा, "यंदा मूर्तीचे डोये जरा बारीक दिसून राह्यले." अशा माणसाला देवानं खणखणीत प्रकृती आणि मामीसारखी बायको द्यावी, आणि नवस करकरून दमलेल्यांना काहीच देऊ नये, हा कुठला न्याय, असं मला लहानपणी फार वाटायचं. आम्ही भाचरं त्याला पाठीमागे 'खोडमामा' म्हणत असू. त्याला ते कळलं तेव्हा म्हणाला, "या पोट्ट्याइले नाव बी धड ठेवता येत नाई."

मामा बैलांचा दलाल होता. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस एका बाजारातून दुसऱ्या बाजारात. त्याची सगळी अक्कल त्या बैलबाजारात तयार झालेली, आणि ती दोन वाक्यांत संपायची. "घ्याचं असन त्याले नावं ठेवा. इकाचं असन त्याची तारीफ करा." पसंत पडलेल्या बैलाभोवती तोंड वाकडं करून फिरायचं, जबडा उघडून दात बघायचे, अंगावर केसांचा भोवरा कुठं आहे ते शोधायचं, "हा काय बैल हाये?" म्हणायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मग मालक मागून हाक मारतो, "ओ पाटील, या, बसा तं खरं!" मग परत यायचं, उपरण्याखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे भोवतीच्या टोळक्याला काही कळत नाही. हाक आली नाही तर सौदा नाही. बाजारापुरतं हे ठीक होतं, पण या गृहस्थानं बाजार घरात आणला.

माझी आई गेल्यावर मी शिकायला मामाकडेच होते. त्या सगळ्या वर्षांत मी नकटी, काळी, धांदरट आणि "हिच्या पायात भोवरा हाये" एवढंच ऐकलं. मग अकोल्याची मंडळी मला बघायला आली. मी आतल्या खोलीत पातळ सावरत उभी, आणि बाहेर मामा सांगतोय, "पोरगी गुणाची हाये. हिच्या हातचं खाल तं बोटं चाटाल. वाचण्यात, लिवण्यात, बोलण्यात अशी पोरगी तुमाले वऱ्हाडात भेटणार नाई." मला रडूच कोसळलं. मामी धावत आली. म्हणाली, "काहून रडतं वो बाई?" मी म्हटलं, "मामा माझी तारीफ करतोय." मामी क्षणभर ऐकत राहिली आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मंग झालं पक्कं. चालली तू."

मी गेल्यावर ते घर ओकंबोकं झालं. मामीला मूलबाळ नव्हतं. मामा बाजाराला गेला की ती एकटी. शेजारीण सांगायची की मामी तिच्या कोंबड्यांशी दुपारभर बोलत बसते, आणि कोंबड्या उठून गेल्या की रागावते. लग्न झाल्यापासून तिचं एकच मागणं होतं, "मले बी घेऊन चाला बाजाराले." आणि मामाचं एकच उत्तर, "तठी आमी गाडीखाली निजतो. तुले कोठी ठेवू, बैलाच्या दावणीले?" इतक्या वर्षांत त्या शहाण्याला दुसरं उत्तर सुचलं नाही. मी माहेरपणाला गेले की मामी मला सोडायची नाही, आणि परत निघाले की फाटकाला धरून उभी राहायची. मला तिचं फार वाईट वाटायचं आणि मामाचा संताप यायचा.

अकोल्यात आमच्या शेजारच्या बंगल्यात एक म्हातारे पारशी गृहस्थ राहत. जिनिंग फॅक्टरीत सारी नोकरी झालेली, म्हणून सगळे त्यांना जीनवाले साहेब म्हणत. लढाईत वापरून टाकलेली एक लॉरी घेऊन त्यांनी तिच्यावर स्वतःच्या हातानं लाकडी खोली बांधली होती. आत भिंतीतून खाली पडणाऱ्या दोन बाजा, भिंतीतूनच निघणारं टेबल, स्टोव्हला कोनाडा, खिडक्यांना जाळ्या आणि फुलाफुलांचे पडदे. साहेब आणि त्यांची बायको तिच्यात बसून चिखलदऱ्याला, मेळघाटात हिंडून यायचे. बायको वारली, साहेब मुलीकडे मुंबईला जायला निघाले आणि मोटार विकायची ठरली. पाच हजार म्हणत होते. मला एकदम मामी आठवली, आणि मी अमरावतीला निरोप धाडला.

मामाचं उत्तर आलं, "घर जाग्यावर राहाव आन मोटार चालाव. जे दोन्ही करते थे एकही धड करत नाई. तुह्या साहेबाले म्हणा, तुमचं तुमीच ठेवा." आणि उत्तराच्या पाठोपाठ मामा स्वतःच हजर! सोबत मामी, नवं लुगडं नेसलेली, आणि गफूरभाई, म्हणजे मामाचा बाजारातला दोस्त, ज्यानं तरुणपणी लॉरी चालवली होती. मोटार घेतली तर हाकणार तोच होता.

मग जो तमाशा झाला तो आठवला की अजून मान खाली जाते. मामानं मोटारीभोवती फेऱ्या घातल्या. टायरवर बैलाच्या खुरावर मारावी तशी काठी मारली. बॉनेट उघडायला लावलं आणि आत डोकं घालून म्हणाला, "हा तं जुळला!" म्हणजे बैलाचे सगळे दात आले, आता उतरती कळा. गफूरभाई बिचारा सरळ माणूस. "नहीं पाटील, इंजन तो एकदम बढिया है," म्हणाला, आणि मामानं त्याच्या पायावर पाय दिला. मामी आत शिरली होती. टेबल ओढून बघत होती, पुन्हा ढकलत होती आणि पुन्हा ओढत होती. "अवो, पाहा ना, भिंतीतून निंगते!" तिचा आवाज आला. मामा ओरडला, "चूप राय!" मग साहेबांकडे वळून म्हणाला, "छत वाकलं. रंग उडाला. पडदे तं असे का तमासगिराची राहुटी. साहेब, हे भंगार हाये. कोनी फुकट देल्लं तरी नेणार नाई." एवढं बोलून पाठ फिरवली आणि चालू लागला.

साहेबांचा चेहरा उतरला. पडदे त्यांच्या बायकोनं शिवले होते. ते खुर्चीवर जाऊन बसले.

मामा फाटकापर्यंत पोचला. चाल मंदावली. फाटकाची कडी काढायला त्यानं जेवढा वेळ लावला तेवढ्यात दोन बैल विकून झाले असते. हाक नाही. बाहेर गेला, वहाणेत खडा गेल्यासारखं करून वाकला. हाक नाही. समोरच्या चहाच्या दुकानापाशी गेला, बाकावर बसला आणि बंगल्याच्या फाटकाकडे पाहू लागला. गफूरभाई मला हळूच म्हणाला, "बेटी, साहब आवाज कायकू नहीं देते?" आता काय सांगू कपाळ! त्या सभ्य माणसाला कुठं ठाऊक की भंगार म्हणून निघून गेलेल्या गिऱ्हाइकाला मागून हाक मारायची असते? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी तर मनात मामाला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. मोटार गेली, मामी पुन्हा कोंबड्यांशी बोलायला जाणार.

मी साहेबांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचा मामा बोलते गाडी खराब. मग खराब गाडी मी कोणाला देनार नाय." आणि मोटारीला कुलूप लावायला उठले. दार उघडून बघतात तर मामी आत बाजेवर मांडी घालून बसलेली. उतरायचं नाव नाही.

"बाई, तुमचा माणूस गेला," साहेब म्हणाले.

"कोठी जातेत? थ्या हाटिलात बसले असतीन," मामी म्हणाली. "साहेब, त्याइच्या बोलण्याचा राग नोका मानू. त्याइनं नावं ठेवले म्हंजे त्याइले पसंत हाये. लगन झालं तवापासून मलेबी नावं ठेवून राह्यले. सोडलं का मले?"

साहेब एकदम हसायला लागले. बायको गेल्यापासून त्यांना मी हसताना पाहिलं नव्हतं. मामी म्हणाली, "पडदे लय सुंदर हायेत. मी धुवून धुवून वापरीन." साहेबांनी कुलूप खिशात टाकलं. मग म्हणाले, "बाई, तुमाला चार हजारात देते." मामीनं मान हलवली. "भाव मले नोका सांगू, मले थ्यातलं समजत नाई. तुमी फक्त त्याइले एक हाक मारा."

साहेब डोक्यावर टोपी चढवून रस्ता ओलांडून गेले, मागोमाग मी. "ओ पाटील, या!" असं त्यांनी मी शिकवल्याबरहुकूम म्हटलं. मामा असा उठला, जणू त्याला फार कामं होती. साहेबांनी शेकहँडसाठी हात पुढं केला. मामानं चटकन त्यावर उपरणं टाकलं आणि आत तीन बोटं दाबली, म्हणजे तीन हजार. साहेबांना वाटलं, वऱ्हाडात असाच हात मिळवत असतील. त्यांनी मामाचा सबंध पंजा दोन्ही हातांत घट्ट धरला आणि हसत राहिले. सोडीचनात. मामाला घाम फुटला. "पंजा?" तो पुटपुटला. साहेब हसतच होते. शेवटी मामानं मान खाली घातली, "मंजूर. गडी पक्का हाये."

मी म्हटलं, "मामा, अरे साहेब चारच हजार म्हणतायत!" साहेबही हो हो म्हणाले. तर हा दीडशहाणा माझ्यावरच उखडला. "उपरण्याखाली झालेला भाव हालत नसते! उद्या बाजारात तोंड कोनाले दाखवू?" जन्मभर दमडीसाठी घसा कोरडा करणारा माणूस, देणारा कमी सांगतोय आणि हा जास्त द्यायला भांडतोय! दलालीची वर्षानुवर्षांची शिल्लक मोडून त्यानं पाचच्या पाच हजार मोजून दिले. साहेबांनाही ते पचेना. त्यांनी बायकोची चिनी मातीची भांडी, स्टोव्ह आणि गाद्या आत तशाच राहू दिल्या. मामीनं पहिला चहा त्याच कपांतून दिला. मामा म्हणाला, "कान मोडका हाये या कपाचा."

पुढं ती तिघं बाजारोबाजार हिंडली. बैलांच्या गर्दीत फुलाफुलांचे पडदे लावलेली मोटार उभी, पायरीवर मामी भाजी निवडत बसलेली, आणि भोवती चार गावच्या बाया गप्पा मारत असलेल्या. मामी एवढी बोलकी आहे हे मला तेव्हा कळलं. मामा मात्र मोटारीला रोज नावं ठेवायचा. चढावर धापा टाकते, पावसात गळते, आत झोपलं की बाजेवरून पडायला होतं. आणि बाजारात कुणी "इकता का पाटील?" विचारलं तर काठी उगारायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

शेवटी मामानं अंथरूण धरलं तेव्हा गफूरभाईनं मोटार माझ्या दारात आणून लावली. घरात यायला मामा तयार नव्हता. "तुह्या घरात ढेकणं असतीन," म्हणाला. तिथंच बाजेवर पडून राहिला. डॉक्टर येत, मामा त्यांनाही नावं ठेवी. एका संध्याकाळी मामी दुधात भाकरी कुस्करून भरवत होती. मी पायाशी बसले होते. मामानं घास गिळला आणि म्हणाला, "भाकर चांगली झाली."

मामीचा हात तसाच थांबला.

"तू लय चांगली बायको होती," मामा म्हणाला.

मामीनं वाटी खाली ठेवली. "काहून तारीफ करून राह्यले?" ती म्हणाली. "मले इकाले काढलं का?"

मामा तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं कसाबसा श्वास घेतला आणि म्हणाला, "नाक फताडंच हाये तुहं."

"हां," मामी रडत रडत म्हणाली, "आता कसं!" आणि तिनं वाटी पुन्हा उचलली. दुसऱ्या दिवशी मामा गेला.

मामी माझ्याकडेच राहिली. मोटार अंगणात. मीच म्हटलं, विकून टाकू, उभ्या उभ्या सडेल. मामी बरं म्हणाली. गिऱ्हाइकं यायची, ती त्यांना चहा द्यायची आणि सांगायला लागायची. छत वाकलं हाये. चढावर धापा टाकते. पावसात गळते. बाजेवरून माणूस पडते. रंग तं पाहाच नोका. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून उठायचं आणि फाटकाकडे निघायचं. बाजारातलं असलं तर हळूहळू जायचं, कडी काढायला वेळ लावायचं, एकदा मागे वळून बघायचं.

मामी पायरीवर बसून भाजी निवडत राहायची. हाक मारायची नाही.