हरायची शिकवणी

आमची पोरगी सात वर्षांची होईपर्यंत घरात एकदाही हरली नव्हती. माझे सासरे तिच्याशी रोज कॅरम खेळत आणि रोज हरत. गिरणीच्या चाळीत ज्यांच्यासमोर कॅरमला बसायला लोक कचरत, ते नातीसमोर मात्र पॉकेटच्या कडेला सोंगटी आपटून कपाळाला हात लावायचे.

हे लाड शेवटी अंगाशी आले. आपल्याआधी गणित सोडवलं म्हणून तिनं वर्गातल्या मुलीला ओरबाडलं, तेही दुसऱ्यांदा. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आणखी एकदा झालं तर तिला इथे ठेवणं माझ्या हातात राहणार नाही. घरी जरा हरायची सवय लावा."

चारकोपला घरी पोचले आणि चपला काढता काढताच सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, आज खरं खेळायचं."

"पोराक रडवून काय शिकवतलंस? माका नाय जमाचा."

"मग शाळेतून काढतील तेव्हा तुम्हीच समजूत काढा तिची."

मी त्यांच्याशी असं कधी बोलत नाही. ते बोर्डावर पावडर टाकू लागले.

नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, तिनं काहीही फेकलं तरी ओरडायचं नाही, मुकाट्यानं बोर्ड उचलून ठेवायचा. सासऱ्यांनी राणी घेतली, पाठोपाठ कव्हर. पोरगी त्यांच्याकडे टकामका बघायला लागली. शेवटच्या सोंगटीला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. सोंगटी सरळ पॉकेटात गेली.

तिनं स्ट्रायकर मुठीत आवळला आणि हात उगारला. समोर हातभर अंतरावर चष्मा लावलेले आजोबा. मी जागची हलले नाही.

"आजोबा, तुम्ही रोज मुद्दाम चुकायचात ना?"

त्यांनी मान खाली घातली.

"म्हणजे मी एकदापण जिंकले नाही."

हात खाली आला. मग ती जी रडायला लागली, ती थांबेचना. तिला पोटाशी धरावंसं फार वाटत होतं, पण धीर धरला. शेवटी नाक पुसत तिनंच सोंगट्या मधोमध मांडल्या.

"परत खेळा. आणि आता मुद्दाम चुकायचं नाही हां."

सासऱ्यांनी चष्मा वर करून डोळे पुसले आणि स्ट्रायकर मारला. पहिलाच नेम हुकला.

"खरंच चुकला?"

"खराच गो बाय," ते म्हणाले.

तिला ते खरं वाटलं नाही.