मौनीबाईचं एक वाक्य

विधिमंडळाच्या समित्यांच्या बैठकीत जे बोललं जाईल ते शब्द न् शब्द टिपून घ्यायचं, हे तिचं काम. कागदोपत्री तिचं पद प्रतिवेदक. कचेरीत सगळे तिला मौनीबाई म्हणायचे. बैठकीत प्रतिवेदकानं बोलायचं नाही, हसायचं नाही, मानसुद्धा डोलवायची नाही. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी भांडण निघालं तरी ती गप्प ऐकून घ्यायची आणि मागाहून कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं म्हणून दाखवायची. नवऱ्यानं तिच्याशी भांडणं केव्हाच सोडून दिलं होतं.

थंडी सरता सरता तिच्या उजव्या हाताचा अंगठा आपल्याच मनानं हलायला लागला. लघुलिपीत रेघ हलकी ओढली तर एक अक्षर, दाबून ओढली तर दुसरं. तिची रेघ नको तिथं जाड व्हायला लागली. टंकायला बसल्यावर आठवणीच्या जोरावर ती निभावून न्यायची, पण असं किती दिवस चालणार? हात गेला की खुर्ची गेली. नवऱ्याला सांगावं तर तो आधी स्वतःच हातपाय गाळून बसणार. मुख्य प्रतिवेदकांना सांगावं तर ते तिला उचलून टपालाच्या टेबलावर बसवणार. शेवटी एका दुपारी घरच्या संगणकावर तिनं सरकारी आरोग्य खात्याचं संकेतस्थळ उघडलं आणि हाताच्या कंपाचं पान वाचून काढलं. सरकारचं आहे म्हणजे तोंड बंद ठेवील, असं तिनं धरून चाललं होतं. ती स्वतः तेच करत आली होती ना.

आठवडा उलटला नाही तोच त्या संगणकावर जाहिराती यायला लागल्या. न हिंदकळणारा चमचा, गोळ्या, तपासणीत सूट. बातम्या वाचता वाचता नवऱ्यानं हाक मारली, "अगं, आपल्या घरात हात कुणाचा थरथरतो?"

"आईंचा असेल."

सासूबाईंनी आतूनच कळवलं, की त्यांचं काही एक थरथरत नाही, आणि जीभ तर नाहीच नाही. घर हसलं. तिला मात्र त्या क्षणापासून चैन पडेना. भाजी चिरताना, जिना चढताना, बसमध्ये उभ्या उभ्या एकच किडा डोकं पोखरायचा: आपण तर कुणापाशी बोललो नाही, मग चहाडी केली कुणी? आज घरात कुणकुण लागली, उद्या कचेरीत कळायला कितीसा वेळ? मुख्यांची नजर सहज जरी टेबलावर फिरली तरी तिचा हात वहीखाली सरकायचा.

आणि नेमकी तिची पाळी लागली ती त्याच संकेतस्थळाची चौकशी करणाऱ्या समितीत. अशा जाहिराती आलेली ती एकटी नव्हती. तिनं तक्रार केली नव्हती. बाकीच्यांनी केल्या होत्या. खात्याचे संचालक कडक इस्त्रीत येऊन बसले आणि सेवेचा दर्जा, सुरक्षितता, भविष्यातली वाटचाल असं दळण त्यांनी सुरू केलं. तिनं तेही सगळं टिपलं. चष्मेवाल्या एका सदस्यबाईंनी दळण संपू दिलं आणि विचारलं, "कोण कुठलं पान वाचतं, ही माहिती बाहेरच्या कंपन्यांकडे जाते का?"

संचालक बोलले नाहीत. ओशाळं हसून त्यांनी मान हलवली, होकाराची.

सदस्यबाई "बरं" म्हणून कागद चाळायला लागल्या. पुढचा विषय घ्यायला अध्यक्षांनी घसा साफ केला. खोलीत सगळ्यांना उत्तर कळलं होतं, पण टिपणात मान उतरत नाही. तोंडून निघालं ते घडलं, बाकीचं घडलंच नाही, हा इथला रिवाज. उद्या संचालक म्हणतील, मी तसं बोललोच नव्हतो, आणि तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं टिपण त्यांच्याच बाजूनं उभं राहील.

ऐकू आलं नाही तर प्रतिवेदकाला बैठकीत एका वाक्याची मुभा असते. सगळ्या नोकरीत तिनं ती कधी वापरली नव्हती. आवाज नाही पोचला तर ती ओठ वाचून भागवायची. आता बोललं तर अख्खी खोली तिच्याकडे वळणार, आणि तिच्याकडे म्हणजे हाताकडे. अंगठा तर मघापासून थुईथुई नाचत होता.

"उत्तर ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

माना वळल्या. तिला आवाज आहे हे काहींना त्या दिवशीच कळलं असावं. पेन्सिलीचं टोक वहीवर टकटक वाजत होतं. हात लपवावा तर लिहायचं कशानं?

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, जरा मोठ्यानं सांगा. बाई लिहून घेतायत."

संचालकांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. "जाते," ते म्हणाले.

तिनं टिपलं. रेघ भलतीच जाड आली, पण वाचता येत होती.

तिची पाळी संपली तशी पुढची पाळी घ्यायला मुख्य प्रतिवेदक स्वतःच आले. त्यांनी वहीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"थंडीपासून हलतोय," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगितलेलं बरं."

"सुटल्यावर भेटा मला," एवढंच म्हणून ते तिच्या खुर्चीत बसले. भेटा म्हणजे काय, ते त्यांच्या तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

बाहेर येऊन तिनं घरी फोन लावला. बोट दोनदा भलत्याच आकड्यावर पडलं. नवऱ्यानं उचलला, काय झालं म्हणून विचारायला लागला.

"अहो, त्या जाहिराती," ती म्हणाली, "आईंच्या नव्हेत."