गिव्ह अपचा पाढा

आमच्या घरात रोज तिन्हीसांजेला देवासमोर एका इंग्रजी क्रियापदाचा पाढा म्हटला जात असे. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. मिरवण्यासारखं त्यात काय होतं, ते कळेलच तुम्हाला.

झालं असं, की पन्नासच्या त्या दशकात पिंपरीच्या माळावर एक नवा कारखाना उभा राहत होता आणि तिथे हजेरी कारकुनाची एक जागा निघाली. मी चिंचवडचा मॅट्रिक. (इंग्रजी सोडून. दोनदा सोडून!) अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला समोर बसवून सांगितलं, "बाळू, सोमवारी नोकरी लागली तर लागली. न्हाई लागली, तर मंगळवारी निघोज्याला मामाच्या वखारीत कांदं निवडाया जायाचं. बसून खायाला घालनार न्हाई आमी!"

मामाच्या वखारीत पूर्वी एकदा मी आठ दिवस काढले होते. परत आलो तेव्हा आमचं कुत्रं माझ्यावर भुंकलं होतं हो!

शेजारचे सायकलवाले युसूफभाई धावून आले. कारखान्याच्या साहेबाची सायकल पंक्चर काढायला त्यांच्याकडे यायची, त्यामुळे साहेबाच्या मनातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची खात्री होती.

"बाळूभाऊ, साहेब एकच सवाल विचारतो. गिव्ह अप! चाकणच्या एका पोराने तीन अर्थ सांगितले. दिला हाकलून."

"मंग समदं किती हायेत?" आबांनी विचारलं.

"नऊ!"

"नऊ व्हय? हात्तिच्या! आमी एकोणतिसाचा पाढा पाठ केलाय."

आबांच्या मते जगातली कुठलीही विद्या पाढा करून परवच्यात म्हटली की डोक्यात बसते. मी डिक्शनरीतून अर्थ काढले, आबांनी चाल लावली आणि त्याच संध्याकाळी दिवा लावल्यावर सगळं घर हात जोडून बसलं. "गिव्ह अप एके स्टॉप! गिव्ह अप दुणे क्विट! गिव्ह अप त्रिक सरेंडर! गिव्ह अप चोक अबँडन!" तसंच पुढे पंचे यील्ड, सक रिझाइन, सत्ते रिलिंक्विश, अठ्ठे डिस्पेअर, नव्वे डिव्होट.

इथे गाडी अडली. अर्थ नऊ आणि पाढ्याला दाहे तर पाहिजेच!

"पाढा अर्धा ठिवू न्हाई, इद्या रुसती," आबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला. "गिव्ह अप दाहे गिव्ह अप!"

माझी बायको सुशीला तळेगावला इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेली. भाकरी थापता थापता तिने विचारलं, "अहो, पण ह्याचा अर्थ काय?"

"हेच तर अर्थ आहेत! नऊ!"

"तसं नाही. म्हणजे हे बोलायचं कधी?"

"ते नंतर बघू," मी म्हणालो. "आधी पाठ होऊ दे."

(बायकांना घाई फार!) दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या मास्तरणीबाईंकडे जाऊन विचारून आली. मी दुर्लक्ष केलं.

सोमवारी मी एकटा जाणार होतो. पण मी घाबरेन म्हणून आबा निघाले, माझा डबा घेऊन सुशीला निघाली आणि सवाल आपला आहे म्हणून युसूफभाई निघाले. तिघं साहेबाच्या पत्र्याच्या ऑफिसाच्या खिडकीखाली जाऊन बसले.

साहेब मद्रासकडचे, मराठी अजिबात नाही. त्यांनी माझा अर्ज पाहिला, चष्मा पुसला आणि खरंच विचारलं, "आय गेव्ह अप माय सीट. मीनिंग?"

मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं! पण पाढ्याचं एक असतं, मधूनच काही म्हणता येत नाही. मी उठलो, हात जोडले आणि सुरुवातीपासून सुरू केलं. "गिव्ह अप एके स्टॉप!"

"गिव्ह अप दुणे क्विट!" खिडकीखालून आबा आणि युसूफभाई ओरडले. सवय हो, दुसरं काय! दारातला शिपाई चपला काढून उभा राहिला. दाहेपर्यंत पोचलो तेव्हा त्यानेही हात जोडले होते.

साहेब शांतपणे म्हणाले, "यस, बट विच वन?"

कितवा ते बघायला पुन्हा एकेपासून जाणं आलं. गेलो. या खेपेला शिपाईही आमच्यात होता!

साहेबांनी कपाळाला हात लावला. "ओके. यूज इट इन अ सेंटेन्स."

वाक्य? वाक्य पाढ्यात नव्हतं! डोळ्यांसमोर वखार दिसली, मामा दिसला, कांद्यांचा डोंगर दिसला. साहेबांना दया आली असावी. ते हळूच म्हणाले, "मिस्टर, डू यू गिव्ह अप?"

"गिव्ह अप एके स्टॉप!" मी सुरू झालो.

एवढ्यात सुशीला खिडकीत उभी राहिली. तिच्या हातात माझा डबा होता. "नो सर!" ती म्हणाली. "ही नेव्हर गिव्ह अप. वी गिव्ह अप!"

साहेब इतके हसले की दौत कलंडून माझ्या अर्जावर शाई सांडली. मग त्यांनी सुशीलाला आत बोलावलं, चार ओळी लिहायला लावल्या, दहा नावांची हजेरी घ्यायला लावली आणि बुधवारपासून कामावर यायला सांगितलं.

मी डबा धरून उभा होतो.

बाहेर आल्यावर मी आशेने म्हणालो, "आबा, नोकरी तर घरातच आली."

"व्हय. सूनबाईनं नाव काढलं!" आबांचे डोळे भरून आले होते. डोळे पुसून ते माझ्याकडे वळले. "तुझी येष्टी उद्या सकाळी सातला हाय."

निघोज्याला पहिल्याच दिवशी मामाने विचारलं, "बाळ्या, रडतोस व्हय रं?"

"छे! कांदा!" मी ताबडतोब म्हणालो. अख्ख्या आठवड्यात विचारलेल्या प्रश्नाला मी दिलेलं हे पहिलं उत्तर. तेही खोटं होतं.