आत्यांनी गौरीचे पाय सरळ केले

माझ्या सासूबाई माझ्यासाठी भर बारशात खोटं बोलल्या होत्या.

काल दुपारी त्या गेल्या, लिंगैक्य झाल्या. पालमला, आपल्या घरातच.

मी त्यांना आत्या म्हणायचे. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

माझी गौरी जन्मली तेव्हा तिची दोन्ही पावलं आत वळलेली होती. तळवे एकमेकांकडं.
मी नुसती रडत होते. आत्यांनी दुपटं सारलं, पावलं हातात घेऊन निरखून पाहिली.
"बोटं सगळी हायत. बाकीचं बघू."

बारशाला बायका जमल्या. एकीनं पाळण्यात वाकून दुपटं वर केलं.
"ग्रहणात हिनं काहीतरी चिरलं असंल. आईचं चुकतं, लेकराला भोगावं लागतं."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

आत्या हातातलं ताट ठेवून उभ्या राहिल्या.
"भाजी मी चिरायला लावली. ही नको म्हणायलती, मीच ऐकलं न्हाई. बोलायचं तर मला बोला."

वाकलेली बाई दुपटं सोडून मागं सरली.

खरं सांगू? ग्रहणभर त्यांनी मला आतल्या खोलीत झोपवून ठेवलं होतं. सुईसुद्धा हातात घेऊ दिली नव्हती. त्यांचा स्वतःचा त्या सगळ्यावर पक्का विश्वास होता.

परभणीचे हाडांचे डॉक्टर म्हणाले, "हे कुणाच्या चुकीनं होत नाही. लवकर आणलंत, पाय सरळ होतील."
"अन् ग्रहणाचं काई?"
"काही नाही, आजी."

बाहेर बाकड्यावर त्या माझ्याजवळ टेकल्या.
"मला बी वाटायलतं गं, आपलंच कायतरी चुकलं."
एवढंच.

मग दर आठवड्याला एसटी. जुनं प्लास्टर काढायचं, पाय हळूच आणखी थोडे बाहेर वळवायचे, नवं घालायचं. माझं सिझर झालेलं, म्हणून गौरी त्यांच्या मांडीवर. बसमध्ये कुणी चोरून बघितलं की त्या स्वतःच दुपटं उघडायच्या.
"नीट बघा की! मागल्या खेपंपेक्षा किती सरळ झालेत."

एक मालिशवाली म्हणाली, तेल लावून ओढते, महिन्यात सरळ.
"लेकराचे पाय हायत बाई, कणकेचा गोळा न्हाई."

प्लास्टर संपलं, टाचेमागं छोटा छेद देऊन झाला. अन् खरी परीक्षा सुरू झाली.
बूट. दोन्ही बुटांना जोडणारी मधे पट्टी. आधी जवळजवळ दिवसभर, पुढं काही वर्षं फक्त झोपताना. सोडले तर पाय पुन्हा वळणार.

गौरी रडून घर डोक्यावर घ्यायची.
एकदा नात्यातल्या लग्नाला निघालो, तेव्हा आमचे हे म्हणाले, "आई, आजच्या दिवस राहू दे ना. पावणे बघतेत."
"पावणे जेवून जातेत. पाय तिला जन्मभर लागणार हायत."
मांडवभर गौरी त्यांच्या कडेवर. बूट-पट्टीसकट. फोटोत सुद्धा.

गौरी चालायला लागली त्या दिवशी आत्यांनी गल्लीभर साखर वाटली. बारशातल्या त्या बाईला दोन मुठी.

पुढं तर कमालच. आसपासच्या कुठल्याही गावात असं बाळ जन्मलं की कुणीतरी आमच्या घरी पाठवायचं. आई-बाप रडवेले होऊन दारात उभे. आत्या आधी चहा टाकायला लावायच्या, मग हाक.
"गौरे, जरा पळून दाखव बरं!"
गौरी अंगणात दोन फेऱ्या मारायची. अन् ते बाळ त्याच आठवड्यात डॉक्टरकडं जायचं.

यंदा शाळेच्या मैदानावर गौरी शंभर मीटर पळाली. चौथी आली. मी हळहळले.
आत्यांनी नंबर विचारलाच नाही. खुर्चीत पुढं वाकून फक्त तिच्या पायांकडं बघत होत्या.
"टाच पुरी टेकती गं. बघ की."
डोळ्यांत पाणी अन् तोंडभर हसू.

आज सकाळी माती दिली.

लोक सासू-सुनेचे जोक फॉरवर्ड करतात. मला कधी हसू आलं नाही. माझ्या वाट्याला ह्या आल्या होत्या.

मी त्यांची सून आहे, हे सांगताना आज सुद्धा ऊर भरून येतो.

शेवटचं शरणार्थ, आत्या. आता निवांत विसावा घ्या.