सत्तेचाळीसाव्या पानावरचं वर्तुळ

आमच्या वाचनालयात जुने वाचक वाचलेल्या पुस्तकावर आपापली खूण करून ठेवतात, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येत नाही. आईची खूण सत्तेचाळीसाव्या पानावर असायची, आकड्याभोवती पेन्सिलीचं बारीक वर्तुळ. ग्रंथपालकाका तिला पुस्तक देण्याआधी आणि परत घेतानाही ते पान उघडून बघायचे.

बंद पडलेल्या थिएटरच्या दारातून जुन्या काळात शिरणाऱ्या मुलीची एक कादंबरीमालिका तिला फार आवडायची. "या वयात ही कसली भुताटकी वाचतेस गं?" असं मी म्हणायचे. आई गेल्यावर मीच ते भाग आणायला लागले. पहिल्या तिन्ही भागांत वर्तुळ भेटलं. आई माझ्या थोडी पुढे कुठेतरी वाचत बसली आहे, असं वाटायचं.

चौथा भाग ती गेल्यानंतर निघाला. त्यात ती मुलगी काळाचे तुटलेले धागे जोडते आणि सगळी माणसं आपापल्या जागी परत येतात. मला रागच आला. इतकं सोपं असतं होय! सत्तेचाळीसचा आकडा मोकळाच होता. काळ तुटतो तो असा, तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मध्ये, आणि त्याचा आवाजही होत नाही.

मी पेन्सिल घेतली आणि वर्तुळ काढलं.

पुस्तक परत करताना काकांनी सवयीने ते पान उघडलं. आईला स्मशानात पोचवायला ते आले होते. वर्तुळ बघून म्हणाले, "वहिनींचं वाचून झालं तर."

"हो," मी म्हटलं. "पाचवा आला की तिच्यासाठी बाजूला ठेवा."