व्याह्यांची खात्री

इंटरनेट नावाची वस्तू खास आपल्यालाच फसवायला जन्माला आली आहे, अशी पक्की खात्री असलेला माणूस अख्ख्या सुरतेत एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मूळचे धुळ्याकडचे, सगळी हयात पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवण्यात गेली, आता सुरतेतच भेस्तानला निवांत असतात. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा जावई, पुण्यात इंटरनेटच्याच कंपनीत आहे, हा नियतीने त्यांच्याशी केलेला विनोद. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की व्याही आधी म्हणणार, "उजवा कान धर." त्याने कान धरला की मगच, "बोल, जेवलास का?" एकदा रेल्वेचं तिकीट काढताना पडद्यावर 'मी रोबोट नाही' यापुढे खूण करायला सांगितलं, तर ते खुर्चीतून उठलेच. "अरे, हे मी त्याला विचारायचं की त्याने मला?" बारडोलीच्या एका लग्नाला निघालो तेव्हा मोबाइलचा नकाशा रस्ता दाखवत होता, पण व्याही दर चौकात उतरून विचारणार. शेवटी एका पानवाल्याने मोबाइल काढला, तोच नकाशा उघडला आणि तोच रस्ता सांगितला. व्याही गाडीत येऊन बसले आणि हळहळून म्हणाले, "यालाबी फसवलं बिचाऱ्याला."

आम्ही हसायचो. पण एका दुपारी ते घामाघूम होऊन आमच्या दारात उभे राहिले. "विहीणबाई, तुमच्या लेकीचा आवाज चोरला कोणीतरी!" हल्ली माणसाच्या आवाजाची नक्कल करून फोन करतात, हे त्यांनी सोसायटीत ऐकलं होतं. मघाशी त्यांना अनोळखी नंबरवरून फोन आला होता. एक बाई रडत म्हणाली, बाबा, मी तुमची सून, मला मुलगी झालीय. "अजून दोन महिने बाकी आहेत, मुलगी कुठून होईल? मी म्हटलं, खरी असशीन तं अहिराणीमा बोल!" माझ्या लेकीला सासरची अहिराणी समजते, पण रडताना कशी सुचणार? "तिला बोलता आली नाही. मी कापला फोन." ते विजयाने सांगत होते, आणि मी बॅग भरत होते. मुलीने नर्सच्या फोनवरून आधी मलाच कळवलं होतं. बाळ वेळेआधी आलं होतं, काचेच्या पेटीत होतं.

मी हे सांगितलं तेव्हा व्याही मटकन खुर्चीत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोर रडी ऱ्हायनी व्हती, आनि मी फोन कापा." मी त्याच नंबरवर फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून माझी मुलगीच म्हणाली, "बाबा, उजवा कान धरू का?" तेव्हा ते हसायला गेले आणि रडले.

आम्ही पुण्याला गेलो. बाळाजवळ फक्त आईला सोडत. व्याही बाहेरच्या बाकावर. माझ्या मुलीने आतून व्हिडिओ पाठवला, त्यात इवलीशी मूठ उघडत होती. "हलली!" व्याही म्हणाले. तोच व्हिडिओ पुन्हा लावला, पुन्हा म्हणाले, "हलली!" हे खरं कशावरून, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

नात आता बोबडं बोलते. सुरतेला येणं क्वचितच होतं. परवा मी भेस्तानला गेले तर व्याही गॅलरीत मोबाइल पुढ्यात धरून तिला बाजारातल्या म्हशीची गोष्ट सांगत होते, शेपटीच्या हावभावांसकट. मी वाकून पाहिलं. चित्र केव्हाच गोठलं होतं. नातीचं तोंड हसताना अर्धवट उघडं राहिलं होतं.

"अहो, नेट गेलंय," मी म्हटलं. "तिला काही ऐकू जात नाहीये."

"माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "ऱ्हाऊ द्या थोडा वेळ."

आणि म्हैस पुढे निघाली.