गोलकीपर जावयाचा रुसवा

माझा नवरा आईस हॉकीचा गोलकीपर आहे, आणि तोही पगारी, हे आमच्या नात्यात अजून कुणाला नीट पटलेलं नाही. "अगं, पण नोकरी काय करतो?" असं मावशी दर फोनवर विचारते. भरधाव येणारी टणक रबराची चकती अंगावर घ्यायची आणि त्याचा पगार उचलायचा, यात तिला नोकरीसारखं काही दिसत नाही. खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही दिसलं नव्हतं.

बव्हेरियातल्या एका छोट्या गावात मोठ्या भावाला नेमबाजी करायला समोर कुणीतरी हवं होतं, म्हणून हा लहानपणी गोलात उभा राहिला. तिथून पुढे अर्धा जर्मनी फिरून झाला. वरच्या लीगमध्ये बरीच वर्षं तो दोन नंबरचा गोलकीपर होता. म्हणजे डोक्याला टोपी घालून बाकाच्या टोकाला बसायचं आणि खेळाडू आत-बाहेर करताना दार उघडायचं. "दार मी फार छान उघडायचो," असं तो अभिमानाने सांगतो. मग खालच्या लीगमध्ये, आमच्या शहरात येऊन एक नंबर झाला. मी तिथून जवळच वाल्डॉर्फला सॉफ्टवेअर कंपनीत. ऑफिसातल्या लोकांबरोबर एकदा सामना बघायला गेले आणि त्याच्या प्रेमात पडले, मुख्यतः काळजीने.

काळजीने, कारण त्याची खेळायची तऱ्हाच तशी. आजकालचे गोलकीपर कपाटाएवढे असतात. गुडघ्यांवर बसतात, पाय दोन्हीकडे पसरून खालचा सगळा गोल बंद करतात आणि शांतपणे वाट बघतात. माझा नवरा त्यांच्यापुढे अगदी किडकिडीत. तो होईल तितका वेळ उभाच राहतो, आणि समोरून कुणी एकटा चालून आला की गोल उघडा टाकून थेट त्याच्याकडे धावतो, आडवा पडतो आणि काठी लांब करून चकती ढकलून देतो. जमलं तर सगळा हॉल नाचतो. नाही जमलं तर मागे रिकामा गोल आणि पुढे हा पालथा. गेल्या वर्षी नव्या कोचने त्याला बजावलं, गोल सोडायचा नाही. हा ऐकत होता बिचारा, आणि ऐकून ऐकून वाईट खेळत होता.

शिवाय सामन्याच्या दिवशी तो बोलत नाही. सकाळी ब्रेड-बटर झालं की तोंड बंद, ते सामना संपेपर्यंत. गोलकीपर लोकांमध्ये असले प्रकार चालतातच. कुणी डावाच बूट आधी घालतो, कुणी गोलाच्या खांबांशी गप्पा मारतो. आमच्या घरी मौन. मी त्या दिवशी चवड्यांवर चालायची, मिक्सरसुद्धा लावायची नाही.

सीझनच्या शेवटी क्लब तळाला गेला आणि सगळं रविवारच्या एका सामन्यावर आलं. जिंकलं तर लीगमध्ये टिकायचं, हरलं तर आणखी खाली. मॅनेजरने नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, टिकलो तर पुढच्या वर्षीचं बोलू. म्हणजे हरले असते तर त्या रविवारी त्याचं खेळणंच संपलं असतं. त्याच्या वयाच्या गोलकीपरला कोण दारात उभं करतं? लोकांना वाटायचं, बायकोला बरंच वाटेल, नवरा घरी येईल. मला अजिबात बरं वाटणार नव्हतं. त्याने अजून एक वर्ष खेळावं असं मला त्याच्याइतकंच, कदाचित जास्तच वाटत होतं.

आणि नेमके तेव्हा नाशिकहून आई-बाबा आलेले. आमचं लग्न श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे इथल्या विवाह नोंदणी कचेरीत, झटपट उरकलेलं. त्यांचा व्हिसा वेळेवर झाला नव्हता, त्यामुळे मानपान, आहेर, सगळंच राहून गेलं होतं. आईला ते खुपत होतं.

"सामन्याच्या दिवशी तो बोलत नाही," मी आदल्या दिवशी दोघांना सांगितलं.

"बरं," आई म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता. तिने बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, जावई रुसलेत आणि पोरगी पांघरूण घालतेय. मुली असंच करतात.

रविवारी दुपारी मी केस धुऊन बाहेर आले तर पुढच्या खोलीत नवरा खुर्चीवर, खांद्याला काठ्यांची पिशवी, कपाळावर कुंकू. आई ताटलीत निरांजन घेऊन ओवाळतेय. बाबांनी त्याच्या बोटात सोन्याची अंगठी सरकवली आणि चक्क हात जोडले. "जावईबापू, आमचं काही चुकलं असेल तर पोटात घाला."

माझा नवरा माझ्याकडे बघत होता. मी तोंडावर टॉवेल धरला. बाबांचे हात अजून जोडलेलेच.

"नाही, नाही, बाबा!" तो मोडक्या मराठीत ओरडलाच. "मी रागावला नाही! मी गोलकीपर आहे!"

मग तो हसत सुटला. इतका हसला की पिशवी खांद्यावरून पडली. बाबा हसले, आईने डोळे पुसले आणि रुसवा निघाल्याबद्दल त्याच्या तोंडात पेढा कोंबला. मला मात्र हसू येईना. याने इतक्या वर्षांचं मौन मोडलं, तेही आजच!

सामन्यात पहिलीच चकती त्याच्या पायांमधून गोलात गेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हा गोलात उभा राहून बडबडत होता. बचावाच्या खेळाडूंना सांगत होता, पंचाला सांगत होता, कुणी नसलं की स्वतःलाच सांगत होता. आणि हळूहळू गोलासमोरच्या निळ्या अर्धवर्तुळातून बाहेर यायला लागला. कोच बाकाजवळून हातवारे करत होता, याने बघितलंच नाही. आमच्या लोकांनी बरोबरी केली, मग एक जास्त केला. आई दर खेपेला विचारायची, "आपला झाला का?" आणि उत्तराची वाट न बघता टाळ्या वाजवायची.

शेवटच्या मिनिटात त्यांचा एक जण एकटाच सुटला. समोर फक्त माझा नवरा. हा गोल सोडून निघालाच! मी उभी राहून मराठीत किंचाळले, "मागे हो, मूर्खा!" तो आडवा झाला, काठी सुरीसारखी सरकली आणि चकती कोपऱ्यात गेली. तो माणूस याच्यावर अडखळून पडला. बाबा शेजारच्या अनोळखी जर्मन आजोबांच्या गळ्यात पडले होते.

सामना संपल्यावर मॅनेजर बाहेर कॉरिडॉरमध्ये आला. "अजून एक वर्ष..." एवढंच त्याने म्हटलं आणि नवरा "या, या, गेनाऊ!", म्हणजे हो, हो, नक्की, म्हणून मोकळा झाला.

गाडी मी चालवत होते. तो शेजारी बसून अखंड बोलत होता.

"तुला माहितीये मी का बोलायचो नाही? सकाळपासून भीती वाटते. तोंड उघडलं तर बाहेर येईल म्हणून गप्प. आज बाबांमुळे तोंड उघडलं. आल्झो, म्हणजे, आज मी भीतभीतच खेळलो. आणि काही झालं नाही!"

मला ही त्याची तपश्चर्या वाटायची. मी हसत होते आणि समोरचा रस्ता पुसट दिसत होता.

"काय म्हणतोय गं?" मागून आईने विचारलं. तो जर्मनमध्ये सुटला होता.

"म्हणतोय, खेळायच्या आधी त्याला फार भीती वाटते."

 आईने मागच्या सीटवरून हात लांब केला आणि त्याच्या ओल्या केसांवरून फिरवला. तेव्हा कुठे तो गप्प झाला.